साहेबांच्या वितीपेक्षा मोठं फूल

आमच्या गावी साहेब बदलला की लायनीतले छंद बदलायचे. लाइन म्हणजे कचेरीतल्या कारकुनांची सरकारी घरं, एका ओळीत बांधलेली, कौलारू, पुढे एकेक अंगण आणि मागे एकेक मोरी. गाव तालुक्याचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक आमच्या सडकेनं जायचे आणि वाळत घातलेल्या धोतरांवर आपली हजेरी लावून जायचे. एका साहेबांना भजनाचं वेड होतं, तेव्हा सुरांशी जन्माचं वैर असलेल्या लोकांनीही टाळ विकत आणले. त्यांच्यानंतरच्या साहेबांना पोटाचा विकार होता आणि ते होमिओपथीच्या गोळ्या घ्यायचे. त्यांच्या कारकिर्दीत लायनीतल्या एकाही पुरुषाचं पोट धड राहिलं नाही. जो तो गोळ्यांची बाटली खिशात घालून हिंडायचा आणि साहेब दिसले की पोटावर हात ठेवायचा.

मग राज्यच बदललं. छप्पन साली आम्ही घर न हलवता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याकडचे साहेब आमच्या तालुक्याला आले. त्यांच्या सामानात वाळूनं भरलेली एक जड पेटी होती. ती उतरवताना जमादाराची कंबर लचकली. एवढ्या जपून आणलेल्या पेटीत काय असेल यावर लायनीत दिवसभर खल झाला. बडेबाबू म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क. त्यांचं मत पडलं की देव असतील, आणि बडेबाबूंचं मत पडलं की विषय संपत असे. पेटीतून डेलियाचे कंद निघाले. बडेबाबूंनी त्याच संध्याकाळी सांगितलं की डेलियाचं फूल आपल्याला लहानपणापासून आवडतं.

पाऊस सरल्यावर एका रविवारी साहेबांनी सगळ्या स्टाफला बंगल्यावर बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक कंद ठेवला. मंडळींनी तो तीर्थ घेतात तसा उजव्या तळहातावर घेतला. एकानं तर सवयीनं डोळ्यांनाही लावला. नंतर साहेबांनी तासभर डेलियावर भाषण केलं. कंद डोळा वर करून लावावा, पाणी बेतानं द्यावं, मधली एक कळी ठेवून बाजूच्या सगळ्या खुडून टाकाव्या म्हणजे सगळी ताकद एकाच फुलाला मिळते. ही शेवटची गोष्ट सरकारी नोकरांना समजावून सांगायची गरज नव्हती.

माझे बाबा नाझर होते. कचेरीतल्या खुर्च्या, कंदील, दौती, कुलपं, तिजोरीच्या किल्ल्या हे सगळं त्यांच्या ताब्यात असायचं. माणूस इतका सावध की टाक मोडला तरी त्याचे दोन्ही तुकडे जपून ठेवायचा, न जाणो कोणी विचारलं तर. पण एवढं सगळं सांभाळणारे बाबा स्वतः मात्र हंगामी नाझर होते. मला कळायला लागल्यापासून ते हंगामीच होते. आज ना उद्या कायम होतील, साहेबांच्या मनात आलं तर, या एका वाक्यावर आमचं घर चालायचं.

तो कंद त्यांनी रुमालात बांधून आणला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. आई महागावकडची, शेतकऱ्याची मुलगी. अंगणात तिनं वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता.

"हे कायचं रताळं म्हणा?" आईनं विचारलं.

"रताळं नाई. डेलिया हाये. साहेबायनं देल्ला."

"खाता येते?"

"फूल येते त्याले. फक्त पाहाचं."

आईनं एकदा कंदाकडं आणि एकदा बाबांकडं पाहिलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी चांगली फळाला आलेली वांगी उपटली आणि तिथं साहेबांचा कंद लावला. मग बेतानं पाणी देणं सुरू झालं. बाबांचा बेत असा, की सकाळी एक बादली, कचेरीतून आल्यावर एक बादली, आणि साहेब सडकेनं फिरायला निघाले की ते दिसेनासे होईपर्यंत झारीनं. आठवड्यात कंद सडायला लागला. बाबांचा चेहरा तिजोरीची किल्ली हरवल्यासारखा झाला. ते दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी आईनं कंद उकरला, सडका भाग विळ्यानं कापला, कापाला राख चोळली आणि कोरड्या मातीत पुन्हा लावला. तिला त्यातलं विशेष काही कळत होतं असं नाही. तिनंही ताजं शेण घालून पहिली पानं करपवलीच. मग तांड्यावरून जळतण विकायला येणाऱ्या बाईकडून तिनं बकऱ्यांच्या लेंड्यांचं जुनं खत मागवलं. ती बाई टोपलं रिकामं करून त्या रोपाकडं बराच वेळ बघत उभी राहायची आणि दरवेळी विचारायची की याची भाजी होते का. आई म्हणायची, नाई, नोकरी होते.

पहिल्या हिवाळ्यात आमच्या अंगणात एक बेताचं, बशीएवढं, गडद लाल फूल आलं. मी तोवर शेवंती आणि झेंडूच पाहिला होता. हे फूल वेगळंच होतं. एकामागे एक पाकळ्यांच्या रांगा, प्रत्येक पाकळी टोकाला जराशी आत वळलेली, आणि मध्यभागी अजून न उघडलेल्या पाकळ्यांची गच्च घडी. वास मात्र काहीच नाही. आई पोळ्या लाटता लाटता उठून बाहेर जायची, त्याच्याकडं बघून यायची, आणि तव्यावरची पोळी जळलेली असायची. तिला ते फूल मनापासून आवडलं होतं. साहेबांचं काय, बाबांचं काय, ती हे सगळं विसरली होती.

पौषात एका रविवारी सकाळी साहेब लायनीची फुलं पाहायला निघाले. ते प्रत्येक अंगणात थांबायचे, फुलावर अलगद वीत ठेवायचे, अंगठा एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेला, आणि म्हणायचे, "छान आहे, पण जरा कमी पडलं." त्यांच्या बंगल्यातलं फूल बरोबर त्यांच्या वितीएवढं होतं. लायनीतलं एकही फूल वीत भरून आलं नाही. साहेब दर अंगणाला अधिकाधिक आनंदी होत गेले आणि शेवटी म्हणाले, "निराश होऊ नका. हाताला सवय लागायला वेळ लागतो."

खरं काय ते लायनीत सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी बडेबाबूंनी सगळ्या अंगणांतून चक्कर मारली होती. साहेबांच्या फुलापेक्षा मोठं फूल तालुक्यात कोणाकडेही असणं त्यांच्या मते शिस्तीला धरून नव्हतं. पण फूल तोडलं तर साहेब विचारतील कुठं गेलं. म्हणून बडेबाबूंनी अक्कल लढवली. डेलियाच्या बाहेरच्या पाकळ्या सगळ्यात मोठ्या असतात. त्यांची एक रांग उपटली की फूल बोटभर लहान होतं, दोन रांगा उपटल्या की दोन बोटं. अशी त्यांनी ज्याच्या त्याच्या फुलाची हजामत करवून घेतली. कोषागारातल्या कारकुनाचं फूल तर इतकं भादरलं की मागून त्याची मान उघडी पडली. आमचं फूल मुळातच लहान होतं, म्हणून वाचलं. बाबांना त्याचा कोण अभिमान वाटला.

त्यानंतर यवतमाळला फुलांचं प्रदर्शन होतं. कापसाच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं साहेबांच्या शब्दाखातर आपला ट्रक दिला आणि बाजूच्या फळ्यांना टेकून लायनीतल्या बायका, पोरं आणि कुंड्या असे आम्ही सगळे गेलो. मंडपात टेबलं मांडली होती. एका वेगळ्या टेबलावर जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची फुलं होती आणि तिथं लिहिलं होतं, 'स्पर्धेबाहेर'. म्हणजे त्यांना कोणी हरवू शकणार नाही याची सोय झाली होती. बाकी प्रत्येक फुलापुढे पुठ्ठ्याची एक पाटी होती आणि तिच्यावर ते वाढवणाऱ्याचं नाव. आई चौथीपर्यंत शिकलेली होती. ती एकेका पाटीपुढे थांबून ओठ हलवत नाव वाचत गेली. सगळी नावं पुरुषांची होती. ज्यांनी सरकीची ढेप भिजवून त्या घाणीत हात घातले, तंबाखूचं पाणी शिंपडून माव्याची कीड मारली, रोपांना कामट्या बांधल्या, त्या बायका मुलं कडेवर घेऊन पाट्यांच्या मागे उभ्या होत्या.

परतताना ट्रकमध्ये आई बाबांना म्हणाली, "पुढच्या साली फूल चांगलं आलं तं पाटीवर माहं नाव टाकसान?"

"पाहू," बाबा म्हणाले.

"पाहू नाई. टाकसान का नाई ते सांगा."

ट्रकमध्ये सगळे होते. बाबांनी घाईघाईनं मान हलवली. आईनं तेवढ्यावर भरवसा ठेवला.

उन्हाळ्यात तिनं कंद रांजणाखालच्या गार वाळूत ठेवला, कारण आमच्याकडच्या उन्हात माणसाचा जीव वाळतो तिथं कंदाचं काय. पाऊस सरल्यावर लावला. या वर्षी बाबांना झारीला हात लावायची बंदी होती. आईनं सरकीची ढेप मडक्यात इतके दिवस कुजवली की शेजारच्यांनी आमच्याकडं यायचं बंद केलं. रोप माझ्या खांद्यापर्यंत आलं. बाजूच्या कळ्या खुडताना ती तोंड फिरवून घ्यायची. एकच कळी राहिली आणि ती उमलायला लागली तेव्हा थांबायचं नावच घेईना. रोज सकाळी बाहेरून एक नवी रांग उलगडलेली असायची. बशी झाली, ताटली झाली. शनिवारी सकाळी आईनं स्वतःची वीत लावून पाहिली, मग बाबांना बोलावून त्यांची लावायला लावली. बाबांच्या वितीबाहेर दोन्ही बाजूंनी लाल पाकळ्या राहिल्या. आई हसली. अशी हसलेली मी तिला फार थोड्या वेळा पाहिली आहे.

"साहेबायची वीत माह्याहून लहान हाये," बाबा म्हणाले आणि सडकेकडं पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांची फेरी होती. या वेळी लायनीतलं सगळ्यात मोठं फूल यवतमाळला पाठवायचं असं साहेबांनीच जाहीर केलं होतं. त्याच शनिवारी संध्याकाळी बडेबाबू आले. चहा घेतला, फुलाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "वैनी, फूल जरा जास्तच झालं ना जी."

"जास्त झालं तं चांगलंच झालं," आई म्हणाली.

"तसं नाई. साहेबायचं यंदा लहान हाये. त्यायले वाईट वाटन. आनखी नाझरसाहेबायचा कागदही त्यायच्याच टेबलावर हाये."

बडेबाबू गेले. बाबांनी चहाच्या कपबशा मोजून आत ठेवल्या. मग आईला म्हणाले, "दोन रांगा काढल्या तं काय बिघडते? कोनाले कळते?"

"मले कळते."

"अवं, मले कायम व्हाचं हाये. त्या फुलाले नाई."

"फुलाले दोन दिस हायेत फक्त," आई म्हणाली. "तुमचं कायम होनं मी लगन झालं तवापासून आयकून राह्यली. कोनी हात लावाचा नाई. उद्या साहेब पाह्यतीन, मंग ते यवतमायले जाईन आन् पाटीवर माहं नाव राह्यन. तुमी मान हालवली व्हती."

बाबांनी पुन्हा मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता.

सकाळी आई आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली आणि दारातच थांबली. फूल जागेवर होतं, पण आक्रसलेलं. बाहेरच्या सगळ्या मोठ्या पाकळ्या गेल्या होत्या. मागून देठाजवळचा हिरवा भाग उघडा पडला होता. ती पहाटे पाण्याला गेली तेवढ्यात बाबांनी काम उरकलं होतं. खाली मातीत एकही पाकळी पडलेली नव्हती. बाबा कोट घालून, टोपी नीट बसवून फाटकाशी उभे होते आणि सडकेकडं बघत होते. आई त्यांना एक शब्दही बोलली नाही. मला तिचा राग आला, बाबांचा त्याहून आला, आणि कोणावर काढावा ते कळेना म्हणून मी ओट्याच्या कडेला जाऊन बसले.

साहेब आले. मागे बडेबाबू, त्यांच्या मागे सगळा स्टाफ. प्रत्येक अंगणात वीत ठेवून ते काहीच बोलत नव्हते, कारण या वर्षी त्यांच्या स्वतःच्या झाडांना मर लागली होती आणि त्यांचं फूल वाटीएवढंच आलं होतं. बडेबाबूंनी सगळ्या लायनीला वाटीच्या आत आणून ठेवलं होतं. आमच्याकडं आले तेव्हा साहेब चिडलेलेच होते. त्यांनी वीत ठेवली, मग ती उचलली, आणि खाली वाकून फुलाच्या मागे पाहिलं. काही झालं तरी माणूस फुलांतला होता.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. "हे फूल कोणाचं?"

वर्षभर ते फूल बाबांचं होतं. कचेरीत बाबा त्याला 'आपला डेलिया' म्हणायचे. सावकारापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते अंगणात आणून दाखवलं होतं. आता बाबा एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "साहेब, ते घरच्यांचं आहे. मी त्यात लक्ष घालत नाही."

"हो, माहंच हाये," आई दारातून म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. "तुमच्या फुलाहून मोठं झालतं साहेब. म्हनून यायनं पाकळ्या तोडल्या. समदेच तोडतात. मांगच्या सालीही तोडल्या व्हत्या."

बडेबाबूंनी खिशातून रुमाल काढला आणि तो कशासाठी काढला ते विसरले.

"गेल्या वर्षीही?" साहेबांनी विचारलं. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि प्रत्येक जण आपापल्या चपलांकडं पाहू लागला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरचं पुणं पार उतरून गेलं. मला त्यांची कीव आली. गेला अख्खा हिवाळा हा माणूस स्वतःच्या वितीवर खूश होता.

"पाकळ्या कुठे आहेत?" त्यांनी बाबांना विचारलं.

मी वर म्हटलंच आहे की बाबा काहीही फेकत नसत. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि पाकळ्यांची मूठ बाहेर काढली. मग दुसऱ्या खिशातून दुसरी. साहेबांनी त्या घेतल्या आणि फुलाच्या मागे, जिथल्या तिथे, एकेक धरून पाहिल्या. मग दोन्ही कडांना एकेक पाकळी खोचून फुलावर पुन्हा वीत ठेवली. त्यांची करंगळी पलीकडच्या पाकळीच्या टोकाच्या बरीच अलीकडं थांबली.

"बाई," साहेब आईला म्हणाले, "एवढं फूल माझ्या हातून कधी आलं नाही." मग म्हणाले, "हे असंच यवतमाळला जाईल. पाटीवर तुमचं नाव घालू. काय नाव तुमचं?"

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळा स्टाफ आईकडं आशेनं बघू लागला, कारण आता सगळं गोड होणार होतं. वर्षभर जे हवं होतं ते साहेब स्वतःच्या तोंडानं देत होते. मीसुद्धा ओट्यावरून उठून उभी राहिले.

आईनं फुलाकडं पाहिलं. "नाई साहेब," ती म्हणाली. "काल व्हतं ते माहं व्हतं. हे यायनं केलं. यायचंच नाव टाका."

आणि ती आत गेली.

साहेबांचा हुकूम होता म्हणून फूल यवतमाळला गेलं. साहेबांनी आपलं फूल त्या वर्षी पाठवलं नाही. आईला बाबांनी खूप गळ घातली, पण ती प्रदर्शनाला येणार नाही असंच आम्हाला वाटत होतं. ती आली. मंडपात शिरली आणि गेल्या वर्षीसारखीच एकेका पाटीपुढे थांबून वाचत चालली. आमच्या टेबलाशी बाबा कोट घालून उभे होते. त्यांच्या शेजारी पाटीवर त्यांचं संपूर्ण नाव, हंगामी हा शब्द वगळून, आणि त्या नावामागे ते भादरलेलं लाल फूल. लोक थबकून विचारत होते की ही कोणती नवी जात, आणि बाबा खाली मान घालून म्हणत होते, इकडचीच.

आई समोर आली. तिनं ओठ हलवत बाबांचं नाव सावकाश वाचलं, अनोळखी माणसाचं वाचावं तसं. बाबा हळूच म्हणाले, "अवं, आपलं हाये हे."

"तुमचं," आई म्हणाली, आणि पुढच्या पाटीपाशी गेली.